हाडांना गेलेला खोटा निरोप

 

आज आम्ही इतिहास सांगणार आहोत, पण लढायांचा नाही. रक्तातल्या कॅल्शियमचा. कर्करोगाच्या आजारात कधीकधी रक्तातलं कॅल्शियम एकदम वाढतं आणि माणूस सुस्तावत, गुंगत जातो. हे का होतं, ते कळायला जगाला पन्नास वर्षं लागली. ही गोष्ट शोधायला आम्हाला आमच्या गटातल्या एका मावशींनी लावलं, म्हणून आधी त्यांचं सांगतो.

मावशींना स्तनाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली, दोन वर्षं बरी गेली. मग एका उन्हाळ्यात त्यांची पाठ दुखायला लागली. तहान अशी की भागेचना. रात्रीतून पाच-सहा वेळा लघवीला उठायच्या. पोट साफ होईना, जेवण जाईना, मळमळ थांबेना. आणि मग झोप. दिवसासुद्धा झोप. सुनेला लेकीच्या नावानं हाक मारायच्या. घरच्यांना वाटलं, ऊन बाधलं, वय झालं, मनानं खचल्या. हाडं दुखतात म्हणून शेजारणीनं आपल्याकडच्या कॅल्शियमच्या गोळ्या आणून दिल्या.

आशाताई सहज भेटायला आल्या होत्या. त्यांनी जुन्या आजाराचे कागद पाहिले आणि म्हणाल्या, "आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्या." तिथं रक्त तपासलं. कॅल्शियम फार वाढलेलं होतं. शिरेतून सलाईन सुरू केलं, एक औषध दिलं. चौथ्या दिवशी मावशींनी डोळे उघडून सुनेला नावानं हाक मारली आणि विचारलं, "म्हशीला पाणी दाखवलं का?"

घरी आल्यावर मात्र मावशींना एकच घोर लागला. त्या आम्हाला म्हणाल्या, "आपल्या बायकांत कॅल्शियम कमी म्हणून तर गोळ्या देतात. मग माझ्याच रक्तात ते वाढलं कसं? चार गोळ्या खाल्ल्या म्हणून? का आयुष्यभर दूधदुभतं खाल्लं म्हणून?" शेजारीण तर रडायलाच लागली होती, की माझ्याच गोळ्यांनी झालं. आम्हाला उत्तर देता येईना. म्हणून आम्ही डॉक्टरांना विचारलं, पुस्तकं चाळली. जे कळलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी शरीराचा हिशेब बघू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण एक किलो कॅल्शियम असतं. त्यातले शंभरातले नव्व्याण्णव भाग हाडांत आणि दातांत. रक्तात फिरतं ते अगदी थोडं. शंभर मिलिलिटर रक्तात साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम. आपल्या गटाचं बघा ना. बहुतेक पैसा बँकेत, आणि रोजच्या देण्याघेण्याला थोडी रक्कम पेटीत. शरीराचंही तसंच. हाडं म्हणजे बँक आणि रक्त म्हणजे पेटी. पेटीतली ही रक्कम शरीर फार जपून सांभाळतं. ती कमी झाली तर हातापायांत पेटके येतात. वाढली तर मूत्रपिंडं पाणी धरून ठेवत नाहीत, लघवी वाढते, तहान वाढते, आतडी मंदावतात आणि मेंदूवर झापड येते. मावशींना झालं ते हेच.

मग बँकेतून किती काढायचं, हे ठरवतं कोण? हा शोध एका भारतीय गेंड्यापासून सुरू होतो. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आपल्याकडचा एक गेंडा होता. तो १८४९ साली मेला. रिचर्ड ओवेन नावाच्या शास्त्रज्ञांनी त्याचं शरीर उघडून पाहिलं, तेव्हा गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला चिकटलेली एक लहानशी पिवळसर गाठ त्यांना दिसली. त्यांनी तिची नोंद केली. पुढे १८८० साली स्वीडनमधल्या उप्साला गावच्या इवार सँडस्ट्रॉम या वैद्यकीच्या तरुण विद्यार्थ्यानं माणसाच्या गळ्यातही अशाच ग्रंथी असतात, हे लिहून ठेवलं. सहसा चार असतात, प्रत्येक एखाद्या डाळीच्या दाण्याएवढी. तिला म्हणतात पॅराथायरॉइड, मराठीत परावटू ग्रंथी. तेव्हा त्याच्या लिखाणाकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही.

ही ग्रंथी करते काय, ते हळूहळू कळत गेलं. १९०९च्या सुमारास अमेरिकेत दिसलं, की या ग्रंथी काढल्या तर जनावराला पेटके येतात आणि कॅल्शियम दिलं की पेटके थांबतात. १९२५ साली कॅनडात जेम्स कॉलिप यांनी या ग्रंथीतला अर्क काढला. तो टोचला की रक्तातलं कॅल्शियम चढायचं. म्हणजे ही ग्रंथी एक निरोप पाठवते. त्या निरोपाला संप्रेरक म्हणतात, आपण बोलताना हार्मोन म्हणतो. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की ग्रंथी निरोप धाडते. हाडांना सांगते, थोडं सोडा. मूत्रपिंडांना सांगते, कॅल्शियम बाहेर जाऊ देऊ नका, फॉस्फेट मात्र जाऊ द्या. फॉस्फेटचं हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

त्याच १९२५ साली ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात फेलिक्स मांडल या शल्यविशारदांकडे ट्रामवर नोकरी करणारा एक माणूस आला. त्याची हाडं ठिसूळ झाली होती, चालणंही मुश्किल होतं. तेव्हा समजूत अशी, की हाडं बिघडली म्हणून ग्रंथी बिचारी जास्त काम करते. म्हणून मांडल यांनी आधी त्याला दुसऱ्याची ग्रंथी लावून पाहिली. काही उपयोग झाला नाही. मग त्यांनी उलटा विचार केला. त्याच्या गळ्यात ग्रंथीची एक मोठी गाठ होती, ती काढून टाकली. आणि माणसाला आराम पडला. पुढे काही वर्षांनी दुखणं उलटलं, पण जगाला एक गोष्ट कळली. ग्रंथीच निरोप पाठवायची थांबत नसेल, तर ती हाडं पोखरून रक्तात कॅल्शियम ओतते.

आता दुसरं पात्र, 'ड' जीवनसत्त्व. पहिल्या महायुद्धानंतर त्याच व्हिएन्नात उपासमार होती आणि लहान मुलांचे पाय मुडदुसानं वाकत होते. लंडनहून हॅरिएट चिक नावाच्या शास्त्रज्ञ बाई आपल्या सहकारी बायकांना घेऊन तिथं गेल्या. माशाच्या यकृताचं तेल दिलं आणि मुलांना उन्हात खेळवलं, तर मुडदूस बरा होतो आणि टळतो, हे त्यांनी दवाखान्यात नीट नोंदी ठेवून दाखवलं. १९२२ साली अमेरिकेत एल्मर मॅकॉलम यांनी तेलातल्या त्या गुणाला 'ड' जीवनसत्त्व असं नाव दिलं. याचं काम म्हणजे जेवणातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात घ्यायचं.

पण औषध म्हटलं की मात्रा आली. १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये बाळांच्या दुधाच्या भुकटीत, पिठात, तेलात सगळीकडेच 'ड' घातलं जात होतं. काही बाळांच्या रक्तात कॅल्शियम वाढलं, ती दूध पिईनात, त्यांची वाढ खुंटली. मग तिथल्या सरकारनं ते प्रमाण कमी करायला लावलं. तेव्हा मैत्रिणींनो, 'ड'ची मोठी इंजेक्शनं आणि पुड्या मनानं घेत राहणं बरं नाही, हे जगाला तेव्हाच कळलं होतं.

आता मावशींच्या आजाराकडे येऊ. कर्करोगाच्या काही रुग्णांच्या रक्तात कॅल्शियम वाढतं, हे डॉक्टरांना १९२०-३०पासून दिसत होतं. कारण सरळ वाटायचं. रोग हाडात गेला, हाड कुरतडलं, आतलं कॅल्शियम रक्तात सांडलं. गोणीला उंदीर लागला की दाणे सांडायचेच, तसं.

या समजुतीवर पहिलं बोट ठेवलं ते अमेरिकेतल्या बॉस्टन शहराच्या डॉक्टर फुलर ऑलब्राइट यांनी, १९४१ साली. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मूत्रपिंडाचा कर्करोग झालेला एक रुग्ण होता. रोग हाडात एका ठिकाणी उतरला होता आणि रक्तात कॅल्शियम वाढलं होतं. पण ऑलब्राइट यांची नजर गेली फॉस्फेटकडे. हाडात कॅल्शियम आणि फॉस्फेट दोन्ही असतात. गोणी फाटली तर दोन्ही सांडायला हवेत, दोन्ही वाढायला हवेत. इथं तर कॅल्शियम वाढलं होतं आणि फॉस्फेट कमी झालं होतं. हे तर परावटू ग्रंथीच्या निरोपाचं लक्षण! ऑलब्राइट म्हणाले, कदाचित ही कर्करोगाची गाठच त्या ग्रंथीसारखा निरोप पाठवत असेल. कल्पना बरोबर होती, पण ती सिद्ध करायचं साधन तेव्हा कुणाकडेच नव्हतं.

त्याच १९४१ साली, फेब्रुवारीच्या २८ तारखेला, आपल्या मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. आपल्या गावागावांतून लोक आजही तिथं जातात. म्हणजे आपल्याकडे कर्करोगाचं वेगळं रुग्णालय उभं राहिलं, तेव्हा हा प्रश्न जगात नुकता विचारला गेला होता.

साधन हाती दिलं एका बाईनं. न्यूयॉर्कच्या रोझलिन यालो. १९२१चा जन्म, बेताच्या परिस्थितीतलं घर. आईवडिलांना माध्यमिक शाळासुद्धा मिळाली नव्हती. मुलीला भौतिकशास्त्र शिकायचं होतं, तर लोक म्हणाले, लघुलेखन शिक आणि कुणा प्राध्यापकाकडे सेक्रेटरी हो. पुढे इलिनॉय विद्यापीठात जागा मिळाली, तेव्हा चारशे जणांत त्या एकट्या बाई होत्या. सॉलोमन बर्सन या डॉक्टरांबरोबर त्यांनी रक्तातलं हार्मोन मोजायची पद्धत काढली. रक्तात हार्मोन इतकं थोडं असतं, की त्याआधी ते नीट मोजताच येत नव्हतं. १९६३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परावटू ग्रंथीचं हार्मोनही मोजून दाखवलं. या पद्धतीसाठी १९७७ साली यालोबाईंना नोबेल पारितोषिक मिळालं. आज आपण थायरॉइडसाठी रक्त देतो ना, त्या तपासणीचं मूळ यालोबाईंच्या कामात आहे.

मोजता यायला लागलं, पण कोडं आणखीच अवघड झालं. कर्करोगामुळे कॅल्शियम वाढलेल्या लोकांच्या रक्तात परावटूचं हार्मोन जास्त असायला हवं होतं. पुढे नीट मोजमाप झालं तेव्हा ते कमीच निघालं! १९८० साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी अशा पन्नास रुग्णांचा अभ्यास मांडला. बहुतेकांच्या मूत्रपिंडांत परावटूच्या निरोपाचं काम चाललेलं दिसत होतं, पण निरोप मात्र तिचा नव्हता. आणखी एक. परावटूचा खरा निरोप आला की मूत्रपिंडं 'ड' जीवनसत्त्व कामाला लावतात, रक्तातलं जागं 'ड' वाढतं. इथं तेही वाढलेलं नव्हतं. म्हणजे कुणीतरी परावटूच्या नावानं निरोप धाडत होतं आणि ग्रंथी स्वतः गप्प बसली होती.

तो नकली सहीवाला १९८७ साली सापडला. तीन ठिकाणी, जवळजवळ एकाच वेळी. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नला फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींतून, येलला स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीतून आणि सॅन फ्रान्सिस्कोला मूत्रपिंडाच्या कर्करोगातून. तिन्हीकडे एकच रसायन निघालं. हार्मोन म्हणजे मण्यांची माळ समजा. या नव्या माळेच्या सुरुवातीच्या तेरा मण्यांपैकी आठ परावटूच्या माळेसारखेच होते, पुढची माळ सगळी वेगळी. पण कुलूप उघडायला किल्लीची सुरुवातीची बाजूच लागते. हाडांना आणि मूत्रपिंडांना दोन्हींतला फरक कळत नव्हता. ऑलब्राइट यांचा अंदाज असा सेहेचाळीस वर्षांनी खरा ठरला, फक्त निरोप परावटूचा नसून तिच्या बहिणीचा निघाला.

आता मैत्रिणींनो, याच्या पुढचं ऐकून आम्ही स्वतः गप्प झालो होतो. हे रसायन कर्करोगानं नव्यानं घडवलेलं नाही. ते आपल्या सगळ्यांच्या अंगात असतं. दुसऱ्याच वर्षी, १९८८ साली, दूध देणाऱ्या मादीच्या स्तनात ते सापडलं. बाळ पोटात असताना वारेतून बाळाकडे कॅल्शियम न्यायला ते मदत करतं. आई अंगावर पाजते तेव्हा स्तन हाच निरोप आईच्या हाडांना पाठवतात, की लेकरासाठी थोडं सोडा. आईची हाडं सोडतात. त्या काही महिन्यांत आईचं हाड थोडं विरळ होतं आणि बाळाचं दूध तुटलं की पुन्हा भरून येतं. जो निरोप बाळाला पोसायला आहे, तोच कर्करोगाची पेशी चोरते आणि कुणीही न थांबवता पाठवत राहते. हाडात जाऊन बसलेली पेशी तर असा निरोप देऊन हाड फोडते आणि हाडातून निघालेल्या पोषणावर आणखी वाढते.

इथं एक गोष्ट ठणकावून सांगतो. बाळाला पाजल्यानं कर्करोग होत नाही. उलट अंगावर पाजणाऱ्या बायकांना स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा कमीच असतो.

आणि 'ड' जीवनसत्त्वाचं काय? त्याचीही एक वाट निघाली. १९७० साली इंग्लंडमध्ये कळलं, की खाल्लेलं किंवा उन्हातून मिळालेलं 'ड' तसंच कामाला येत नाही, शेवटी मूत्रपिंडात ते जागं होतं. मग १९८४च्या सुमारास दिसलं, की लसिकाग्रंथींच्या काही कर्करोगांत, ज्याला लिम्फोमा म्हणतात, मूत्रपिंडाला न विचारता 'ड' जागं केलं जातं. ते आतड्यातून कॅल्शियम ओढत राहतं. असं कमी जणांत होतं, पण तिथं उपचार वेगळा असतो, स्टिरॉइडचा गुण येतो. म्हणून डॉक्टर नुसतं कॅल्शियम बघून थांबत नाहीत, परावटूचं हार्मोन आणि गरज पडली तर 'ड'सुद्धा तपासतात.

सगळं मिळून हिशेब असा. कर्करोगात कॅल्शियम वाढलेल्या शंभर जणांत सुमारे ऐंशी जणांत खोटा निरोप असतो. वीसेक जणांत रोगानं हाड थेट पोखरलेलं असतं. 'ड'मुळे होणारं शंभरात एखादंच.

मावशींना दिलेलं औषध कुठून आलं, तेही सांगतो. आपल्या पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर बसतो ना, तसा थर नळांत बसू नये म्हणून कारखान्यांत काही रसायनं वापरायचे. १९६०च्या दशकात स्वित्झर्लंडच्या हर्बर्ट फ्लाइश यांना दिसलं, की त्या जातीची रसायनं हाडाला चिकटतात आणि हाड विरघळू देत नाहीत. त्यातूनच ही औषधं निघाली. सलाईननं अंगातलं पाणी भरून काढतात आणि हे औषध हाडांचं दार लावतं.

तर मावशींना आम्ही उत्तर नेऊन दिलं. म्हटलं, "मावशी, तुमच्या दूधदुभत्याचा दोष नाही. शेजारणीच्या चार गोळ्यांनी हे झालेलं नाही. गाठीनं हाडांना खोटा निरोप धाडला." मावशी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तिला बोलवा." शेजारीण आली, दोघींनी मिळून चहा घेतला. इतक्यासाठी जरी ही पुस्तकं चाळली असती, तरी आम्हाला पुरे होतं.

खरं सांगायचं तर मूळ रोग गेला नव्हता. मावशी त्यानंतर सात महिने होत्या. पण त्या सात महिन्यांत त्या भानावर होत्या. त्यांनी गटाचं पासबुक स्वतःच्या हातानं सुनेकडे दिलं, म्हैस कुणाकडे जायची ते ठरवलं, नातीच्या बारशाला घुगऱ्या वाटल्या. गुंगीत गेलेल्या बाईला यातलं काही करता आलं नसतं.

म्हणून तुमच्या घरात, शेजारी, गटात कुणाला कर्करोग असेल किंवा होऊन गेला असेल, तर हे ध्यानात ठेवा. न भागणारी तहान, सारखी लघवी, पोट गच्च, मळमळ, अशक्तपणा, आणि त्यात झापड किंवा बोलण्यात गोंधळ. हे दिसलं तर ऊन बाधलं, मन खचलं म्हणून बसू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या, आधीच्या आजाराचे कागद बरोबर घ्या आणि सांगा, "रक्तातलं कॅल्शियम तपासा." अशा माणसाला आपल्याकडची कॅल्शियमची किंवा 'ड'ची गोळी देऊ नका. डॉक्टरांनीच लिहून दिलेली गोळी चालू असेल तर मनानं बंदही करू नका, ती त्यांना दाखवून विचारा.

आणि बाकीच्या मैत्रिणींनो, हे ऐकून दूध, नाचणी, तीळ सोडू नका. गरोदरपणात मिळणाऱ्या गोळ्याही टाकू नका. आपल्या हाडांच्या बँकेत भर घालायलाच हवी. जाणत्या माणसाला न विचारता उपाय करू नये, एवढंच आमचं म्हणणं आहे.

पुन्हा भेटू. तोवर आपली आणि एकमेकींची काळजी घ्या. रामराम.